लेकुरवाळं

अर्जावर सही करताना माझा हात जराही अडखळला नाही, हे आधीच सांगून टाकते. जानेवारीतली संध्याकाळ होती. सोसायटीच्या वॉचमनने फाइल पुढे केली तेव्हा माझ्या एका हातात रुमाल होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते दुःखाचं नव्हतं, कुंपणालगतच्या वावळाच्या झाडाचं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी हातावर टोचून ॲलर्जीची चाचणी केली, तेव्हा ओळीने घातलेल्या ठिपक्यांपैकी एकच ठिपका गांधील माशी चावल्यासारखा टरारून फुगला होता. डॉक्टर यादी बघून म्हणाले, ‘वावळ. घराजवळ आहे का एखादं?’ एखादं! आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचा कठडा आणि त्याची फांदी यांच्यात हातभर अंतर होतं. पंचांगातला वसंत चैत्रात येतो, माझ्या नाकात तो पौषातच येऊन बसतो. त्यामुळे ‘फांद्या फार वाढल्या आहेत, कचरा होतो, गटार तुंबते, गाड्या खराब होतात, तरी छाटणीस परवानगी मिळावी’ या मजकुराखाली मी सही केली आणि कुणी न सांगता फ्लॅटचा नंबरही घातला.

आपल्याकडे शहरातल्या झाडाला करवत लावायची तर १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी काढावी लागते. ती यायला फाल्गुन उजाडला. होळीच्या आधीच्या आठवड्यात दोरखंड आणि यांत्रिक करवत घेऊन दोन माणसं आली आणि दोन तासांत आमच्या बाजूच्या सगळ्या फांद्या खाली आल्या. दुपारी उतरून बघते तर पार्किंगभर पोपटी सडा. आधी वाटलं, कोवळी पालवी. पण ती पानं नव्हतीच. वावळ त्या दिवसांत निष्पर्ण असतो, आणि लांबून जी पालवी वाटते ती फळं असतात. रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल, चपट्या पापड्या, फांदीला घोसाघोसाने लगडलेल्या, मधोमध बियेचा बारीक उंचवटा आणि भोवती जाळीदार, कागदासारखा पंख. वीस वर्षं त्या झाडाखालून भाजीची पिशवी नेली, पण हे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. झाड आडवं झाल्याशिवाय नजरेच्या उंचीवर येत नाही.

झाडणाऱ्या मावशी खराटा भिंतीला टेकवून उभ्या होत्या. त्यांनी एक घोस उचलला, नखाने पापडी फाडली, आतलं बी चिमटीत दाबलं. पांढुरकं पाणी आलं. बोटं पदराला पुसत त्या म्हणाल्या, ‘कच्चंच हाय बघा, ताई. लेकुरवाळं झाड व्हतं. म्हैनाभर दम धरायचा हुता. लेकुरवाळ्याला हात लावत्यात का कुठं?’

मी त्यांना ‘हो ना’ म्हटलं. माझी सही आहे, हे सांगितलं नाही.

फणसाला लेकुरवाळा म्हणतात, अंगाखांद्यावर पोरं घेतलेल्या विठोबाला म्हणतात, सुट्टीत भाचरं जमली की आमच्या घराला आजी म्हणायची. वावळाला कुणी म्हणताना मी ऐकलं नव्हतं. एरवी तो शब्द मनाला चाटून निघूनही गेला असता. पण चारच दिवसांपूर्वी बंगळुरूहून लेकीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं, भाडं वाढल्याचं झालं, आणि मग पडद्याचा रंग ठरल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, ‘आई, आम्ही दोघांनी ठरवलंय. मूल नको.’ लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, ती एकतिशीची आहे, ठरवायचं वय आहे, हक्कही आहे. हे सगळं मला कळतं, मी तसल्या लेखांना अंगठाही दाखवते. मी म्हटलं, ‘बरं.’ मग थोडा वेळ दोन्हीकडून काहीच आवाज आला नाही. मग मी विचारलं, ‘जेवलात का?’

त्या रात्री खोकला नव्हता, शिंका नव्हत्या, तरी झोप आली नाही. बाल्कनीत जाऊन बसले. समोर एवढं आभाळ मोकळं झालं होतं की रस्त्यापलीकडच्या इमारतीतला टीव्ही दिसत होता. झाडाच्या रस्त्याकडच्या फांद्या तेवढ्या राहिल्या होत्या. एका बाजूने केस भादरलेल्या माणसासारखा तो उभा होता. मला अपराधी वाटत होतं की नुसतंच उघड्यावर आल्यासारखं, हे ठरवता येईना.

मग मी त्याच्याबद्दल वाचायला लागले. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय. वावळाला फूल येतं हेच मला माहीत नव्हतं, आणि माझी खात्री आहे की त्याच्याखाली चाळीस वर्षं गाडी लावणाऱ्या पुणेकरालाही नसेल. येतं, पण त्याला पाकळ्याच नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत, पानं झडून गेल्यावर, उघड्या काटक्यांवर हिरवट-तपकिरी बारीक गुच्छ येतात. काही फुलं नुसती नराची, काही दोन्ही मिळून. रंग नाही, मध नाही, कारण कुणाला बोलवायचंच नाही. पळस आणि सावर त्याच दिवसांत अंगभर भडक लेवून मैना-बुलबुलांच्या पंगती उठवत असतात. सावरीच्या एकेका फुलात पेलाभर न्याहारी असते, कावळासुद्धा तोंड घालून जातो आणि कपाळाला पराग लावून पुढच्या झाडावर बसतो. वावळाचा असा काही खर्च नाही. त्याचं सगळं काम वाऱ्यावर. पण वाऱ्याला पत्ता सांगता येत नाही. म्हणून पराग मोजून पाठवायची सोय नाही, उधळावा लागतो, आभाळभर, की त्यातला एखादा कण दुसऱ्या वावळाच्या फुलातल्या ओल्या टोकावर पडेल. बाकीचे गाड्यांच्या काचांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, आणि माझ्या नाकात. इतकी वर्षं मी स्वतःला त्याचा बळी समजत होते. खरं तर माझ्या नाकात वावळाचे किती वंश खुंटले, याचा हिशेब त्याने ठेवायला हवा.

पानं आधीच गाळून टाकायची, ती याचसाठी. पानांची गर्दी असली तर पराग त्यांनाच चिकटून संपेल. निष्पर्ण फांद्यांमधून वारा कसा आरपार जातो. आणि एवढी घाई का, तर पुढचं सगळं वेळापत्रक मृगावरून उलटं मोजलेलं आहे. मृगाचा पाऊस पडायच्या आत बी पिकून, वाळून, उडून, मातीत पोचायला हवं. म्हणजे वैशाखाच्या वावटळीला पापड्या कोरड्या हव्यात, म्हणजे फाल्गुनात त्या भरत असायला हव्यात, म्हणजे फुलं माघात, थंडी अंगावर असतानाच. आपण चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालतो ना, पावसाच्या आधीची बेगमी, कोकणात जिला आगोट म्हणतात, तेच. झाडांचीही वाळवणं असतात. वावळाच्या पापड्या, पळसाची पापडी. तिला तर पळसपापडीच म्हणतात, लांबट चपटी शेंग, आणि तिच्या अगदी टोकाला एकच बी, बाकी सगळी नुसती शीड. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा भर दुपारी खुळखुळतात, तो आवाज मला लहानपणापासून परीक्षेचा वाटतो. आपण वसंत म्हणून ज्याचे फोटो काढतो तो फुलांचा आठवडा-पंधरवडा असतो. त्यानंतर दोन-तीन महिने झाडं जे घामाचं काम करतात त्याला आपल्याकडे शब्द आहे, तो मी सही केलेल्या अर्जात होता. कचरा.

मोहोराचा वास मात्र कुणी कचरा म्हणून नाकारत नाही. माझं आजोळ राजापूरजवळ. फेब्रुवारीत तिथे उतरलं की एसटीच्या धुराच्या मागोमाग तो वास येई, थोडा आंबूस, थोडा गोड, उन्हात तापलेला. आजोबा सकाळी धोतराचा सोगा हातात धरून कलमांखाली फिरायचे आणि वर बघत बसायचे. मळभ आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मळभ म्हणजे तुडतुडे, मळभ म्हणजे भुरी, तुऱ्यावर पिठी धरली की मोहोर काळा पडून गळलाच. एका तुऱ्यात हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीच नुसती नर, आणि जी दोन्ही असतात त्यांच्यातही पाच केसरांपैकी बहुधा एकच कामाचा, बाकीचे नावाला. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले, काही कुटुंबं डोळ्यांसमोर आली. शंभर फुलांत एकही फळ धरत नाही. जे धरतं त्यातलंही वाटाण्याएवढं असताना गळतं, गोटीएवढं असताना गळतं, सुपारीएवढं असताना वाऱ्याने पडतं. आम्ही पोरं त्या बाळकैऱ्या ओच्यात गोळा करायचो, आजी त्या मिठाच्या पाण्यात घालायची. गळालेल्यांचं काय वाटून घ्यायचं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने आधी बरणी पुढे केली असती. तिची स्वतःची पाच जगली होती, आणि किती गेली हे मला आईकडूनच, तेही अर्धवट, कळलं.

आंब्याच्या लग्नात भटजी म्हणजे माश्या. देखण्या मधमाश्या नव्हेत, साध्या, घोंगावणाऱ्या, जेवणावर बसल्या तर आपण ताट झाकतो तसल्या. मोहोरावर फवारे मारले की तुडतुडे मरतात आणि भटजीही मरतो, ही मामाची कायमची तक्रार. मामाच्या पडवीत ओळीने पिशव्या असायच्या, त्यात रायवळाच्या कोयी रुजवलेल्या. तांबूस, लवलवीत कोंब वर आला की तो कापून, खाच पाडून, तिच्यात हापूसची काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. कोय कलम. मी सातवी-आठवीत असेन, त्याला म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, हापूसचीच कोय लावावी. तो म्हणाला, ‘लाव की. पण हापूस येईल असं नाही. कोयीची आई कोण ते आपल्याला ठाऊक असतं, बाप कोण ते त्या माशीलाच ठाऊक.’ मामी आतून ओरडली, पोरीसमोर काय बोलताय. मामा गप्प झाला, पण वाक्य माझ्याजवळ राहिलं.

त्याचा अर्थ पुरता कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. रायवळ आंब्यात प्रत्येक झाड म्हणजे नवा माणूस. म्हणून तर गावात एकेकाला वेगळं नाव असे, हा साखऱ्या, हा शेप्या, हा नुसता लोणच्याचा. हापूसचं तसं नाही. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे कलम बांधायची कला आली, आल्बुकर्कच्या नावावरून त्याला नाव पडलं, आणि तेव्हापासून तो कोयीतून नव्हे, काडीतून पुढे चालला आहे. एका झाडाची काडी दुसऱ्याच्या मुळावर, त्याची तिसऱ्याच्या. म्हणजे राजापूरचा हापूस आणि देवगडचा हापूस हे काही भाऊभाऊ नव्हेत, एकच शरीर आहे, जागोजागी कापून जोडलेलं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या पोटच्या पोराचं तोंड न बघितलेलं झाड! आणि तरी दर वर्षी ते मोहोरतं. दर वर्षी हजारो फुलं, माश्यांना आमंत्रण, कोयीत नवं कोरं बी, आणि ती कोय आपण चोखून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने मुद्दाम नीलमचा आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, रत्नाचा पुन्हा हापूसशी घडवून सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ, जवळजवळ नसल्यासारखी. गर भरपूर, बी नावापुरतं. लोकांनी कौतुकाने खाल्ला, मीही खाल्ला. कुणी त्या आंब्याला बिचारा म्हटलं नाही.

यातून मी माझ्या सोयीचा काहीतरी अर्थ काढू बघत होते, हे कबूल. काडीने पुढे जाता येतं, कोयच कशाला हवी, वगैरे. तीन दिवस ते बरं वाटलं. चौथ्या दिवशी शेजारणीच्या नातवाचं बारसं होतं आणि सगळं हापूसपुराण पेढ्याबरोबर विरघळलं.

शाळेत आम्हाला जास्वंद होती. ‘फुलाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकोश, अंडाशय. मला दहापैकी नऊ मिळाले होते, एक गुण सुबकपणाचा गेला. हे सगळं कशाबद्दल चाललंय हे वर्गात कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढचा धडा बाई म्हणाल्या तुम्ही घरी वाचा. घरी आजी होती, आणि आजोळच्या विहिरीवर उंबर होता. खोडालाच फळं लगडलेली, पिकली की लालबुंद, खाली पडून पचपचलेली, त्यांचा वास दारूसारखा. मी एकदा एक पिकलेलं उंबर मधोमध फोडलं आणि आतून चिलटांसारखे बारीक किडे भुर्रकन उडाले. मी किंचाळून टाकून दिलं. आजी धुणं पिळत म्हणाली, ‘उंबर फोडून केंबरं उडवू नयेत. खायचं तर तसंच खावं.’ मला वाटलं उंबराबद्दलच बोलतेय. मोठी झाल्यावर कळलं, घराघरांतल्या झाकून ठेवलेल्या गोष्टींसाठीचं ते वाक्य आहे. आणि अलीकडे कळलं की उंबराबद्दलही ते तितकंच खरं आहे.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांचीच मूठ आहे, आतल्या बाजूला वळवून मिटलेली. शेकडो बारीक फुलं आत, आणि बाहेरून टोकाला सुईच्या अग्राएवढं दार. उंबर, वड, पिंपळ या कुळात जगभर साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि जवळपास प्रत्येक जातीसाठी ठरलेली अशी एक इवली गांधीलमाशी असते, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. उंबराची वडाला चालत नाही, वडाची पिंपळाला नाही. मादी त्या दारातून आत घुसते आणि घुसताना तिचे पंख मोडून पडतात. आली ती आली, पुन्हा बाहेर नाही. अंगावर आणलेला पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते, आणि तिथेच मरते. काही फुलांत बी धरतं, काहींत तिची पोरं वाढतात. झाड आणि माशी, दोघांचा पाळणा एकच. मुलगे आधी जन्मतात, त्यांना पंख नसतात, आतल्या अंधारातच बहिणींशी त्यांची लग्नं लागतात, मग ते भिंत पोखरून बाहेरचा रस्ता करून देतात आणि बहुतेक आतच संपतात. तोवर त्याच मुठीत नरफुलं पिकलेली असतात. लेकी अंगाला पराग माखून निघतात, परक्या गावी, ज्याचा पत्ता फक्त वासाने कळतो. पंख लेकींनाच.

हे वाचून झालं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी बंगळुरूला फोन करणार होते. केला नाही.

आमच्या रस्त्याच्या वळणावर पाराचा पिंपळ आहे. त्याच्यावर मुंजा राहतो असं सगळे म्हणायचे, मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला अशा मुलाचं भूत. पिंपळाची मुंज करायचीही चाल आहे, लंगोटी, जानवं, सगळं साग्रसंगीत. आपण त्या झाडाला कायमचा ब्रह्मचारी करून ठेवलं आहे. आणि त्याच्या वाटाण्याएवढ्या एकेका फळात लग्नाचा मांडव पडलेला. मी अलीकडे तिथून जाताना वर बघते आणि मला मुंज्याची गंमत वाटते. इतकी वर्षं त्या घरात राहून त्याला कळलंच नसेल का? की कळूनही तो उंबर न फोडणाऱ्यांपैकी?

मीही फोडलं नाही. ‘का नको?’ हे मी लेकीला अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते, की उत्तर माझ्याबद्दल असेल. ती लहान असताना मी नोकरी, सासूबाईंचं आजारपण, यात कायम चिडलेली असायचे, एकदा भर स्वयंपाकघरात म्हणून गेले होते, ‘तुम्ही नसता तर मी सुटले असते.’ तुम्ही म्हणजे सगळेच. ती ओट्यापाशी उभी होती, आठ वर्षांची. कदाचित तिला आठवतही नसेल. कदाचित कारण अगदी साधं असेल, तिला नको असेल, बस. हजार फुलांतली जी धरत नाहीत त्यांना कुणी कारण विचारत नाही.

पाडव्याला कडुनिंबाला मोहोर आला होता. गुळ, ओवा, हिंग घालून कोवळी पानं आणि फुलं वाटून चिमूट चिमूट खाल्ली. यंदा पहिल्यांदाच लक्षात आलं की आपण वर्षाची सुरुवात कुणाच्या तरी लग्नाचे वऱ्हाडी चघळून करतो.

वैशाख लागता लागता लेक चार दिवसांची रजा काढून एकटीच आली. तिच्या येण्याच्या आदल्या दुपारी गरम वारा सुटला, पार्किंगमध्ये वावटळ उठली आणि अर्ध्या तासात बाल्कनी पापड्यांनी भरली. रस्त्याकडच्या ज्या फांद्या राहिल्या होत्या त्यांच्या. पिवळट तपकिरी, टाचणीने टोचावं इतक्या कोरड्या, पायाखाली पोह्याच्या पापडासारख्या मोडणाऱ्या. जाळीच्या कोपऱ्यात, कुंड्यांत, एसीच्या मागे, तुळशीत. अर्जाचा काडीइतका उपयोग झाला नव्हता. खाली मावशी खराट्याने ढीग लोटत होत्या, वर बघून हसल्या, ‘आली का तुमच्याबी घरी?’ मी या वेळी सांगून टाकलं, ‘मावशी, त्या अर्जावर माझीपण सही होती.’ त्या म्हणाल्या, ‘म्हाईत हाय. वाचमननं दावली हुती मला.’ आणि झाडू लागल्या.

लेक सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसली. मी केरसुणी आणायला उठले तर म्हणाली, ‘राहू दे गं. हे आम्ही शाळेत खायचो.’ मला माहीतच नव्हतं. शाळेच्या मागच्या बाजूला म्हणे वावळ होता, मधल्या सुट्टीत मुली पापड्या सोलून बिया खायच्या, डब्यातल्या पोळीभाजीपेक्षा त्याच बऱ्या लागायच्या. तिने एक पापडी घेतली, दोन्ही नखांनी पंख फाडला, आतलं चपटं, फिकट बी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चारोळीसारखं लागलं. चारोळीहून थोडं हिरवं, नंतर जिभेवर तुपकट. मग आम्ही दोघी सोलत बसलो. एक बी म्हणजे काहीच नाही, दाताला लागेपर्यंत संपतं. तासाभराच्या मेहनतीनंतर वाटीच्या बुडाला थोडं साठलं आणि आमच्या मांडीवर, फरशीवर पंखांचा ढीग. मी मध्ये तीनदा शिंकले. ती म्हणाली, ‘तुला तर याचीच ॲलर्जी ना?’ मी म्हटलं, ‘परागाची. बियेची नाही.’ ती म्हणाली, ‘नशीब.’ नखांत कोंडा गेला होता, बोटांना तेलकट वास येत होता. तिने एकदाच, पंख फाडता फाडता, खाली मान घालून विचारलं, ‘तू रागावलीस का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ मग खरं काय ते शोधलं आणि म्हटलं, ‘थोडं वाईट वाटलं. जाईल.’ तिने मान हलवली. वाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही उरलेल्या बिया गुळाच्या खड्याबरोबर खाऊन टाकल्या. एकही कुंडीत टोचली नाही. कुंड्यांत त्यांच्या त्याच कितीतरी पडल्या होत्या, जूनमध्ये मला त्या उपटायच्याच आहेत, वावळ काही कुंडीत मावत नाही.

निघायच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे देवापाशी पाट मांडला. चैत्रगौरीचे दिवस होते, तिची ओटी भरायची होती. ताटात खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. आपण बायका एकमेकींच्या पदरात आयुष्यभर बियाच घालत आलो, हे मला ओंजळ भरताना एकदम दिसलं आणि हात थांबला. तिने जीन्सवर ओढणी घेतली होती, तिचं टोक दोन्ही हातांनी धरून उभी होती, लहानपणी बाळकैऱ्यांसाठी मी धरायचे तशीच. माझा थांबलेला हात बघून म्हणाली, ‘आई, आता ओटी कशाला गं?’

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी ओंजळ तिच्या ओढणीत सोडली.

‘इंद्रायणी आहे,’ म्हटलं. ‘घरी गेलीस की भात कर.’